जानू तांडेलाचे नवस

शिरगावच्या किनाऱ्यावर जानू तांडेलाइतके नवस बोललेला माणूस सापडायचा नाही, आणि बोललेला एकही न फेडलेला तर नाहीच नाही. तसा माणूस सोन्यासारखा. पाण्याचा रंग बघून खाली काय आहे ते सांगायचा, दुसऱ्याची होडी अडली तर स्वतःचं जाळं सोडून धावायचा. फक्त समुद्रात देवीला दिलेला शब्द किनाऱ्याला लागेपर्यंत टिकायचा नाही.

पहिला नवस लग्नाच्या वर्षीचा. वाऱ्यात सापडला तेव्हा म्हणाला, जिवंत परतलो तर डहाणूजवळच्या महालक्ष्मीच्या गडावर अनवाणी चालत येईन. परतला. चैत्रातल्या जत्रेला निघालाही. उमरोळीपर्यंत गडी चालला. तिथे पायाला फोड आले, समोर स्टेशन दिसलं, आणि डहाणूकडची गाडी यायला वेळ होता म्हणून पालघरकडे जाणारीत बसला. पालघरात पेढे घेतले आणि घरी प्रसाद म्हणून वाटले. बायको वत्सलाने त्याच्या पायांना हळद-तेल लावलं. फोड खरे होते, एवढं मात्र कबूल केलं पाहिजे.

मग पोरगी उन्नती जन्मताना अडली. जानूने दारू सोडली ती बारशापर्यंत. त्या दिवशी ताडी घेतली, कारण झाडावरून उतरलेल्या वस्तूला दारू कसं म्हणायचं, असा त्याचा सवाल होता. मुलगा दर्पण लहानपणी तापाने फणफणला तेव्हा हंगामातली पहिली घोळ मासळी देवीच्या नावाने गावाला जेवू घालीन म्हणाला. दर्पण उठून बसला, घोळही जाळ्यात आली, पण ती फारच मोठी आली. एवढी मोठी आपण कबूल केली नव्हती, असं जानूचं म्हणणं पडलं.

हे सगळं त्याला खुपत नव्हतं असं नाही. पण खुपलं की तो वत्सलाच्या कानावर घालायचा, की नवसाचं तेवढं राहिलंय गो. ती पाटीतली मासळी निवडता निवडता म्हणायची, बघते मी. बस्स, जानू मोकळा. वत्सला रोज पालघरच्या बाजारात जाणारी, मंगळवार-शुक्रवार पाळणारी बाई. आपलं राहिलेलं ती गुपचूप फेडत असणार, नाहीतर आपण इतकी वर्षं असे धडधाकट कसे? दोघांपैकी एकाने देवाचं केलं की घर चालतं, अशी त्याची समजूत होती आणि ती त्याला फार सोयीची होती.

यंदा मासेमारीवरची सरकारी बंदी उठली तेव्हा नारळी पौर्णिमेला अजून आठ दिवस होते. सरकार काहीही म्हणो, समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा गावाचा नेम. पण शेजारचा प्रदीप चुपचाप जाऊन पापलेटं घेऊन आला आणि जानूचे हात शिवशिवायला लागले. आता घरातला कर्ता झालेला दर्पण म्हणाला, आठ दिवसांनी काय बिघडतं. जानूने त्याला वेड्यात काढलं. एकाच्या जागी दोन नारळ देऊ, देवीआई काय नाही म्हणते?

सकाळी बापलेक दोन खलाशांना घेऊन निघाले. परतताना खडकांच्या बाजूला पंख्यात दोर गुंतला आणि इंजिन बंद पडलं. भरतीचं पाणी होडीला खडकाकडे ढकलू लागलं. दर्पण सुरी घेऊन पाण्यात उतरला. एकदा वर आला, दोनदा आला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. होडी लाटेवर उचलली गेली आणि आदळली, तिचा धक्का पाण्याखालच्या दर्पणला बसला असणार, हे वरच्या तिघांना कळलं.

जानूने सवयीने हात जोडले. "आई, पोर वर येव दे, मी..." एवढं म्हणाला आणि अडला. चालत येईन म्हणावं तर ते म्हणून झालं होतं. दारू म्हणावी तर तीही. जे जे द्यायचं ते सगळं एकदा देऊ करून परत घेतलेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला देवीसमोर बोलायची लाज वाटली.

"माज्याकडं कायच नाय," तो म्हणाला. "माजा पोर दे."

दर्पण होडीच्या दुसऱ्या अंगाला वर आला. कपाळ फुटलेलं, हातात कापलेला दोर. खलाशांनी त्याला ओढून घेतलं, इंजिन सुरू झालं, आणि होडी घरी आली.

दर्पणच्या कपाळाला टाके पडले, तो जेवून झोपला, तेव्हा जानू वत्सलासमोर बसला आणि त्याने ढसाढसा रडत सगळं सांगितलं. उमरोळीचं, पेढ्यांचंसुद्धा. तू माझे नवस फेडत राहिलीस म्हणून आज पोर हाती लागलं, असं म्हणून तो तिच्या पायाशी वाकायला गेला. वत्सलाने पाय मागे घेतले. तिचा चेहरा उतरला होता.

"मी एकबी नाय फेडला," ती म्हणाली. "दर वर्साला जाईन म्हनायची, ऱ्हायचं. मला वाटलं, तुमी गडावर चालत गेलाव, त्याच पुन्यावर आपलं चाललंय."

 तीस वर्षं हा तिच्या भरवशावर आणि ती याच्या.

नारळी पौर्णिमेला सारा गाव वाजतगाजत किनाऱ्यावर गेला. प्रदीप सगळ्यांच्या पुढे, मोठ्या भक्तिभावाने. जानू गुडघाभर पाण्यात नारळ घेऊन उभा राहिला आणि समोरचा समुद्र बघून त्याचं तोंड आपोआप उघडलं. वत्सलाने त्याचा दंड धरला.

"काय कबूल करू नका," ती म्हणाली. "तिनं आपल्याला फुकटच राखलंय."

जानूने तोंड मिटलं, नारळ पाण्यात सोडला आणि नुसते हात जोडले.