आत्याची सोनोग्राफी आणि बाकीची जत्रा

घरात एकदा का कुणाची मेडिकलची फाईल तयार झाली ना, की तिच्यात कागद कमी आणि किस्से जास्त जमतात. कागद तरी प्लास्टिकच्या पिशवीत मावतात. किस्से नाय मावत. मग असं बसून कुणाला तरी ऐकवावे लागतात. हसायला आलं तर हसा. आत्या पण हसते. आई नाय हसत.

आत्या म्हणजे माझ्या पप्पांची मोठी बहीण, चांगुणा. डोंबिवली वेस्टला खाडीकडं आमचं गाव, आणि मार्केटात ती मासे विकते. होळीच्या आसपास आंघोळ करताना तिच्या हाताला छातीत गाठ लागली. फॅमिली डॉक्टर बोलले, "सोनोग्राफी करून घ्या. लगेच. उशीर करू नका." पप्पा कामावर, आई धाकट्याच्या शाळेत अडकलेली, आणि मी दहावीला गणितात राहिलेलो. म्हणजे घरातला सगळ्यात रिकामा माणूस मी. फाईल माझ्या काखेत आली.

आत्याची अट एकच. "डॉक्टर बाप्या असला तरी चालंल. पन तो एकच बाप्या. बाकीची जत्रा नको."

बस, एवढंच. सोनं नाय मागितलं तिनं.

*

पहिलं सेंटर डोंबिवलीतच. हॉल फुल. काउंटरवरच्या मॅडमनं मान पण वर केली नाय, तिथूनच ओरडल्या, "चांगुणाबाई कोण? छातीची सोनोग्राफी! गाठ कुठल्या बाजूला? डावी का उजवी?"

समोरच्या बाकावर एक काका होते, रोज आत्याकडं येऊन पापलेटचा भाव पाडणारे. त्यांनी पेपर खाली केला आणि बघितलं. टोपली तर आज नव्हती, मग कुठं बघितलं ते तुम्हीच समजा.

मॅडम परत, "अहो, बाजू सांगा ना! मागं लाईन आहे!"

आत्या उठली, काउंटरवर गेली आणि बोलली, "बाय, मी म्हावरं इकते. इकताना पन मी एवढी नाय वरडत!"

आणि चप्पल घालून सरळ घरी.

*

मग कल्याण. तिथं आत्याला हिरवा गाऊन दिला. नाड्या दोन होत्या, त्यातली एक तुटलेली. कुठली बाजू पुढं, कुठली मागं, कुणी सांगितलं नाय. आत्याच्या चोळीची गाठ पुढं, म्हणून तिनं गाऊन पण पुढं उघडा घातला. आतल्या दोन पोरी खी खी हसल्या. "मावशी, उलटा घातला!" सुलटा घातला तर पाठ उघडी. मग एका हातानं पाठ धरून आत्या बाहेर बाकावर. शेजारी बाप्ये. कुणाचा गुडघ्याचा एक्सरे, कुणाचं पोट. सगळ्यांना टाइमपासला आत्याची पाठ.

माझं टाळकं सटकलं. ढिगातला एक गाऊन उचलला, टी-शर्ट काढून तो घातला, आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्याच्याकडं पाठ करून उभा राहिलो.

"सर, कसा दिसतोय? तुमच्या साइजचा पण आहे, देऊ का?"

वॉचमननं मला उघड्या पाठीनिशीच रस्त्यावर काढलं. लोक बघायला लागले, मी त्यांना हात दाखवला. मला मजा आली, खोटं कशाला बोलू. पण मी पोरगा आहे. मला मजा येऊ शकते.

आत आत्याला झोपवलं. डॉक्टर यायचे होते. तेवढ्यात दार उघडलं, चहावाला. परत उघडलं, कुरिअरवाला. तिसऱ्यांदा तर पुढचा पेशंटच, सोबत नवरा-बिवरा. "तुम्ही इथंच थांबा, ह्यांचं झालं की लगेच तुमचं." टाइम वाचतो म्हणे. कुणाचा वाचतो?

आत्या उठून आली. डॉक्टर तर आलेच नव्हते.

*

त्याच कल्याणच्या हॉलमध्ये टिटवाळ्याचे एक रिटायर मास्तर भेटलेले. त्यांना पोटाच्या सोनोग्राफीला लघवी भरून हवी होती. ते सकाळपासून पाणी पीत बसलेले. दर थोड्या वेळानं एक पोरगा दारातून ओरडायचा, "आजोबा, प्रेशर आलं का?" सगळे मास्तरांकडं बघायचे. मास्तर मान हलवायचे. पोरगा बोलायचा, "अजून येऊ द्या!"

शेवटी नंबर आला, तर मध्येच डॉक्टरांच्या ओळखीचं कुणी घुसलं. मास्तरांचा चेहरा बघवत नव्हता. ते धोतर सावरत बाथरूमकडं पळाले. परत आले तर पोरगा बोलतो काय, "रिकामी केली? आता परत भरा!"

मास्तर खाली बसले. मला हळूच बोलले, "बाळ, मी आयुष्यभर शिकवलं. वर्गात एखाद्या मुलानं करंगळी वर केली आणि मी त्याला थांबवलं, असं कधी झालं नाही रे."

आमच्या सरांनी तर थांबवलेलं. चौथीत. बाकी सांगत नाय.

*

मध्ये पावसाळा गेला. "बघू नंतर," आत्या बोलायची. आई रडायची, पप्पा ओरडायचे, "लाजेपायी मरशील तू!" आत्या बोलायची, "लाज मना हाय, त्यांना नाय. मंग मराला मीच का?"

गणपतीनंतर कळव्याला नेलं. तिथं पोचलो तर हॉल एकदम रिकामा, दारावर कोरा करकरीत जाड पडदा, बाहेर दोन माणसं उभी. कुणालाच आत सोडेनात. मी आत्याला बोललो, "बघ, हे भारी सेंटर आहे!"

कुणा पुढाऱ्याची बायको आलेली. तिचं झालं, ती गाडीत बसली. आत्याचं नाव पुकारलं. आणि शिपाई स्टूल घेऊन आला नि पडदा उतरवायला लागला.

मी बोललो, "काका, राहू दे ना!"

"तो मॅडमसाठी आणलेला. मळला तर मी देऊ का?"

मागं जनरेटरच्या जाळीला एक पाटी लटकत होती. कवटी, हाडं, 'धोका'. मी ती काढली आणि सोनोग्राफीच्या दाराला अडकवली. खरं सांगतो, एवढी शांतता कुठल्याच सेंटरला नव्हती! चहावाला लांबून वळला. शिपाई वळला. एक बाई पोराला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेल्या. आत्या आत आरामात झोपलेली, एकटी, पंख्याखाली.

अर्ध्या तासानं डॉक्टर दिसले. ते पण दाराबाहेरच उभे. फोनवर कुणाला तरी विचारत होते, "अरे, इलेक्ट्रिशियन कधी येणार?"

त्या दिवशी आत्याला दार बंद मिळालं, पण डॉक्टर नाय मिळाले. दोन्ही एकत्र द्यायची आपल्याकडं पद्धत नाय वाटतं.

*

रिपोर्ट काय आला ते आधीच सांगतो, नंतर सांगायला जमत नाय. चांगला नाय आला. ठाण्याला ऑपरेशन झालं. तिथले मोठे डॉक्टर बोलले, "होळीलाच आला असता तर एवढं काढावं लागलं नसतं." पप्पांनी आत्याकडं बघितलं. आत्यानं खिडकीबाहेर बघितलं. मी त्या डॉक्टरांच्या बुटांकडं बघत होतो. चांगले होते बूट.

*

पण ती सोनोग्राफी शेवटी झाली कशी, हा किस्सा एक नंबर आहे.

आमच्या धक्क्यावर होडीतून उतरलेल्या बायका नखशिखांत ओल्या असतात. कपडे बदलायला खोली-बिली काय नाय. मग चौघी जणी एक लुगडं धरून गोल उभ्या राहतात, मधली बदलते. बाप्ये आपोआप दुसरीकडं बघतात. लहानपणापासून बघतोय, म्हणजे बघत नाय, तेच तर.

दिवाळीच्या आधी मार्केटातल्या चौघींनी टोपल्या झाकल्या, एक हिरवं लुगडं पिशवीत टाकलं आणि आत्याला उचलून स्टेशनजवळच्या सेंटरला आणलं. आतल्या पोरानं अडवलं, "मावशी, एकच नातेवाईक!"

चौघींतली आनंदीमावशी बोलली, "आमी नातेवाईक नाय. आमी दरवाजा हाव!"

गेल्या आत. मी दारात, चपला सांभाळत. मला फक्त लुगडं आणि चार पाठी दिसत होत्या. आत्या आत, मशीन आत, डॉक्टर आत. दुनिया बाहेर.

डॉक्टरांचा आवाज आला, "अहो, हे काय लावलंय तुम्ही?"

"तुमी तुमचा काम करा डाक्टर. आमी नाय बघत."

तेवढ्यात त्याच पोरानं लुगड्यावरनं हात घातला. "सर, चहा."

आनंदीमावशीनं लुगडं न सोडता कप घेतला आणि स्वतःच पिऊन टाकला.

मग मशीनची टिकटिक, आणि डॉक्टर एकदम हळू आवाजात, "दुखतंय का? हात जरा वर घ्या, मावशी." पहिल्यांदाच कुणीतरी आत्याशी हळू आवाजात बोलत होतं.

झालं. आत्या चोळीची गाठ मारून बाहेर येणार, तर दारात पुढची पेशंट आणून उभी केलेली. चष्मा लावलेली, कॉलेजात शिकवणारी वाटावी अशी बाई. हिरवा गाऊन, दोन्ही हात मागं, पाठ धरून. चौघी लुगडं गुंडाळायला लागल्या, तसं तिनं विचारलं,

"अहो, ऐका ना... माझं होईपर्यंत ते तसंच धराल का? मी पटकन आवरते."

आनंदीमावशी बोलली, "आमचा बाजार खोटी होतंय गो."

आत्यानं पदर खोचला, लुगड्याचं एक टोक स्वतःच्या हातात घेतलं आणि बोलली, "बाजार काय पलून नाय जात. ये गो बाय, आत ये."