अजून चालू असलेलं काम

नव्वदच्या सुमारास नारपोलीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासला अंजूरचे एक गृहस्थ यायचे. सगळ्या शेतावर गोदाम बांधून त्यांनी ते भाड्याने दिलं होतं, आणि भाडेकरूंशी इंग्रजीत बोलायचं होतं. मी 'सिन्स' शिकवला, तर त्यांनी फळ्यावर लिहिलं, "आय हॅव बीन फार्मिंग सिन्स चाइल्डहूड."

"अहो, हे अजून चालू असलेल्या कामाला लागतं. तुमची शेती संपली."

त्यांनी मान डोलवली, वाक्य पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. तिसऱ्यांदाही तेच. मी वैतागून डस्टर आपटलं.

तेवढ्यात बाहेर गडगडलं. ते लगबगीने चपला घालू लागले.

"आता कुठे निघालात?"

"सर, बांध बघाया पायजे," ते म्हणाले, आणि दारातच थांबले.

मग चपला काढून बाकावर येऊन बसले. ते वाक्य पुसायला मला हात उचलवेना.