गंजते थेच कापते

चाकू दिसला की दाजी आधी तो कानाला लावत. चाकू तुमचा असो, माझा असो नाहीतर कलेक्टरसाहेबांचा. पातं उघडायचं, डाव्या कानाशी धरायचं आणि उजव्या हाताच्या नखानं त्यावर एक टिचकी मारायची. डोळे मिटलेले. त्या वेळी आजूबाजूच्यांनी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून निकाल सांगायचा.

निकाल दोनच असत. "पानी हाय," किंवा "पानी नाही." पोलाद तापवून विझवलं की जो कडकपणा त्यात उतरतो त्याला लोहार लोक पाणी म्हणतात, हे मला मागाहून कळलं. पहिल्या भेटीत मला वाटलं, म्हाताऱ्याच्या कानातच काही बिघाड असावा.

मी तेव्हा शेतकी खात्यात नुकताच चिकटलो होतो. आमचा मुलूख अजून मध्य प्रदेशात होता, साहेबांचे साहेब नागपूरला बसत, आणि मला नेमणूक मिळाली ती अकोल्याकडच्या मालेगावच्या बाहेर, नाल्याकाठी, संत्र्याच्या कलमांच्या वाडीवर. खिशात सासऱ्यांनी अकोल्याहून आणलेला चाकू होता. पांढरा लख्ख, कधी न गंजणारा. मी तो मोठ्या तोऱ्यात दाजींच्या हाती दिला. म्हणजे द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. चाकू हातोहात घेतला तर भांडण होतं. मी तो खाली ठेवला, त्यांनी उचलला, टिचकी मारली, डोळे मिटले.

"साहेब, हा लोनी कापाले बेस हाय."

"हा कधी गंजत नाही," मी जरा तिखटपणानंच म्हणालो.

"मंग कापनार कसा? ध्यानात ठेवा, गंजते थेच कापते."

हे वाक्य पुढच्या तीन वर्षांत मी किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही. चाकूवरून ते दाजी माणसांवरही नेत. एखादा अंमलदार फारच गोड बोलून गेला की म्हणत, "गंजनारा नाही दिसत." म्हणजे कामाचा नाही.

दाजी कलमं बांधत. संत्र्याचं रोप बियांपासून करत नाहीत, हे बागायतीच्या मुलखात सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. जंबेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीवर उभी-आडवी चीर द्यायची, संत्र्याच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा, तो त्या चिरेत सरकवायचा आणि केळीच्या सोपाच्या पट्टीनं बांधून टाकायचा. चीर सालीतून जावी पण लाकडाला लागू नये. पातं जरा बोथट असलं की साल फाटते, डोळा वाळतो आणि वर्ष फुकट जातं. दाजींचे डोळे वाळत नसत. किन्हीराजापासून आसेगावपर्यंतचे बागवाले थंडी पडायच्या आधीच बैलगाडी जुंपून त्यांना सांगायला येत.

त्यांना सगळं गाव दाजी म्हणे, कारण त्यांची बायको त्याच गावची लेक. गावानं तिला अक्का म्हटलं, तेव्हा अक्काचा नवरा आपोआप दाजी झाला. थोडक्यात, ते घरजावई होते. लग्नानंतर सासऱ्यांच्या ओसरीत राहायला आले ते तिथेच राहिले. नावावर ना शेत, ना झाड. घरजावयाची आपल्याकडे काय किंमत असते, ते तुम्ही जाणता. पण दाजी रस्त्यानं निघाले की पाटीलसुद्धा रामराम घाली, आणि तो रामराम बंडीच्या खिशातल्या त्या घडीच्या चाकूला आहे हे दाजींना पक्कं ठाऊक होतं. ते स्वतःच म्हणत, "चाकू हाय तवरोक दाजी. चाकू गेला का घरजावई."

म्हणून त्या चाकूचे लाड. घरात सुनेला नसतील इतके नियम त्याला होते. संत्र्याचा रस, लिंबू आणि घाम हे त्याचे तीन दुष्मन. चामड्याच्या म्यानात ठेवायचा नाही, चामडं ओल धरतं. करडीचं तेल लावायचं नाही, चिकट होतं. जवसाचं तर त्याहून वाईट. एरंडीचं लावायचं, तेही बोटाला लागेल न लागेल इतकंच, आणि एक थेंब बिजागरीत. "पात्याले सारेच पुसतेत, साहेब. गंज बिजागरीतून येते, चोरावानी."

पण वाडीवर काम चालू असताना एरंडीची बाटली कुठे काढत बसणार? दर वीस-पंचवीस डोळ्यांनंतर पातं केसांतून फिरवलं की तेवढ्यापुरतं तेल मिळतं, ही त्यांची युक्ती. अडचण एकच होती. दाजींच्या डोक्यावर केस नव्हते. एकही नव्हता. आमच्या कचेरीच्या शिपायाला मात्र देवानं दाट केस दिले होते आणि तो ते तेलानं चोपून बसवत असे. दाजी चाकू हातात धरून "अरे, इकडं ये बरं" म्हणाले की तो बिचारा टोपी काढून मान खाली घाली. पात्याची सपाट बाजू भांगातून एकदा इकडे, एकदा तिकडे. "हालू नको, बाप्पा." त्यानं एकदा रजेचा अर्ज केला, त्यात कारण लिहिलं होतं, 'डोके सरकारी कामात वापरले जाते.' मी रजा मंजूर केली.

माझ्या तिसऱ्या वर्षी दाजींचा चाकू संपला. हरवला नाही, मोडला नाही, घासून घासून संपला. सहाणेवर घासता घासता पात्याची कडुनिंबाच्या पानाएवढी पट्टी उरली होती, आणि एका सकाळी डोळा काढताना ती वाकली. दाजींनी चाकू मिटला आणि बंडीच्या खिशात टाकला.

नेमके त्याच आठवड्यात खात्याकडून नवे चाकू आले. डझनभर, सगळे न गंजणारे. सोबत कागद होता की कलमांसाठी हेच वापरावेत. दाजींनी बाराच्या बारा चाकू ओळीनं कानाला लावले. बाराव्यानंतर म्हणाले, "साहेब, सरकारनं आपल्याले लोनी तं धाडलंच नाही."

मग पोलादाचा शोध सुरू झाला. दाजी रोज संध्याकाळी मोटारस्टँडवर जाऊन उभे राहू लागले. कुठली मोटार खड्ड्यात आदळून तिची कमान, म्हणजे चाकावरची पोलादी स्प्रिंग, मोडते का, याची वाट बघत. मोटारवाला त्यांना पाहून हळू चालवू लागला. अखेर एका मोटारीची कमान मोडली, दाजींनी तिचा तुकडा मिळवला आणि लोहारानं त्याचं पातं ठोकलं. टिचकी बरी वाजली. पण ते पातं काही केल्या पातळ होईना. "याच्यानं बैल सोलता यीन," दाजी म्हणाले. मग जुन्या कानशीचं केलं. धार अशी आली की हातावरचे केस उडाले, आणि जंबेरीच्या पहिल्याच गाठीवर टवका उडाला.

"कमान लय नरम, कानस लय कडक," दाजी मला समजावत. "मले मधलं पायजे."

मधलं पोलाद गावात एकाच ठिकाणी होतं, न्हाव्याच्या पेटीत. त्याच्या आज्यापासून चालत आलेला एक वस्तरा. न्हावी तो देईना. मागून मिळत नाही म्हटल्यावर दाजींनी निराळा मार्ग धरला. ते रोज दाढी करायला जाऊ लागले. मग दिवसातून दोनदा. समोर बसायचं आणि गालावरून वस्तरा फिरताना डोळे मिटून ऐकायचं. केसांना उगवायला सवड मिळेना, गाल सोललेल्या कांद्यासारखे झाले. "दाजी, आता कातडी उरली फक्त," न्हावी म्हणाला. "असू दे. वाजू दे," दाजी म्हणाले. पंधरा दिवसांनी न्हाव्यानं वस्तरा त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि हात जोडले. त्याच्या विहिरीपाशी दाजींनी एक कलम बांधून द्यायचं ठरलं.

तो वस्तरा त्यांनी आगीजवळ जाऊ दिला नाही, नुसत्या आगीनं पाणी जातं म्हणून. लोहारानं फक्त कापून दिला, बाकी सगळं ओल्या दगडावर हातानं. आठ दिवस घासत होते. जुनीच म्हशीच्या शिंगाची मूठ बसवली. मला बोलावून टिचकी ऐकवली. मला काही कळलं नाही, पण दाजींचा चेहरा पाहून मी मान डोलावली.

आणि मग आली खंडेनवमी.

सकाळी दहाच्या सुमारास दाजी माझ्या खोलीवर आले, तेही बोडक्यानं. टोपीशिवाय गावातून फिरताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"साहेब, घात झाला. मी आंघोळीले गेलो आन तिनं चाकू पूजेत मांडला."

"मग?"

"मंग काय इचारता! लालभडक, ओलं, थापून ठेवलं हाय! वरतून झेंडूचे फुलं, तेबी ओले. उद्या दसऱ्याच्या पूजेपावतो उचलता येत नाही."

नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी हलवलं तर ते वर्षभर धन्याचाच हात कापतं, अशी समजूत. दाजींचा तिच्यावर विश्वास नव्हता, पण हात मात्र दोनच होते. दिवसभर ओल्या कुंकवाखाली राहिलं तर त्या पातळ पात्याला खड्डे पडणार, ते पुन्हा घासायचं म्हणजे उरणार काय, आणि हंगाम तोंडावर. तसा दुसरा वस्तरा गावात नव्हता.

"तुमी सरकारी मानूस. तुमी चला आन म्हना, जप्ती हाय."

मी गेलो. देवघराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून, आवाजात होतं नव्हतं तेवढं सरकार आणून म्हणालो, "अक्का, कामासाठी तो चाकू हवाय."

अक्का शेवया वळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आज कचेरीले सुटी हाय, भाऊ. बसा, चहा घ्या."

आम्ही दोघं ओसरीत बसलो. दाजी उठत, देवघरात डोकावत, परत येऊन बसत. "आता ठिपके आले असतीन." थोड्या वेळानं, "आता पसरले असतीन." एकदा त्यांनी लांबूनच फुंकर मारून पाहिली. अक्का आतून म्हणाल्या, "देवाले फुकू नका." माझा चहा निवून गेला. इतका जाणता माणूस त्या दिवशी एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा बसला होता, आणि मला हसूही येत होतं, वाईटही वाटत होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी मुद्दाम गेलो. पूजा झाली. अक्कांनी चाकू उचलून दाजींपुढे जमिनीवर ठेवला. दाजींनी फुलं बाजूला केली. चाकू मुठीपासून टोकापर्यंत शेंदरी झाला होता. त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. एकदा पुसला, दोनदा पुसला, उजेडात धरला. पात्यावर एक ठिपका नव्हता. बिजागरीतसुद्धा नाही.

"हे कुंकू नोहे," दाजी म्हणाले.

"शेंदूर हाय. एरंडीच्या तेलात कालवला," अक्का म्हणाल्या. "फुलं बी कोरडे करून वाह्यले. मारुती वर्सभर पावसात उभा रायते, त्याले काही होते का?"

"मारुती दगडाचा हाय!"

"तुमी बी तसेच. तीस वर्सं झाले, घाम, लिंबू, चामडं, करडी आयकून राह्यली मी. बहिरी हाय का?"

"मंग काल काहून नाही सांगतलं? माहा जीव चालला होता!"

"तुमी इचारलं काय? एकदम सरकारच आनलं." मग त्यांचा आवाज उतरला. "थो चाकू गेला तं माह्या भाऊबंदात तुमाले काय म्हनतीन, थे मले समजत नाही का? माहेर माहं हाय."

दाजींनी पातं पुन्हा एकदा पुसलं आणि या वेळी स्वतःच्या नाही, अक्कांच्या कानाशी धरलं. टिचकी मारली. "आयक."

अक्कांनी पदर सावरून ऐकलं. "पानी हाय," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे गेल्या.

तो हंगाम दाजींच्या हातचा सगळ्यात उत्तम गेला. मला आजही वाटतं, मी तेव्हा त्यांच्याजवळ बसून थोडं तरी शिकायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली बुलढाण्याकडे झाली. दाजी गेल्याचं मला कार्डानं कळलं, तेही दोन महिने उशिरा. जाऊ शकलो नाही, याची चुटपुट राहिली.

बऱ्याच वर्षांनी काही कामानिमित्त मालेगावकडे जाणं झालं. मोटारीत शेजारी एक तरुण बागवाला बसला होता, मांडीवर संत्र्यांची टोपली. माझी त्याची ओळख नाही. मोटार किन्हीराजाच्या पुढे आली तसं त्यानं एक संत्रं काढून माझ्यापुढे केलं.

"घ्या. दाजीच्या बागेतलं हाय."

मी चमकलो. "दाजींची बाग? त्यांच्या नावावर तर एक झाड नव्हतं."

"बाग माहीच हाय," तो हसून म्हणाला, "माह्या बापानं लावली. पन इकडं साऱ्याच बागायले तसंच म्हनतेत."

मी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या रांगा होत्या आणि मालेगाव येईपर्यंत त्या संपल्या नाहीत.