सासूबाईंनी लेकाला सुपेल्याला नेलं

लग्नाला पाच वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. माझ्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. थायरॉइड निघाला, त्याची गोळी सुरू झाली. नळ्या मोकळ्या होत्या. सुपेल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला विचारायच्या, मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे? मी घरी येऊन सांगायचे आणि नवरा विषय बदलायचा. तो पोलादाच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजायच्या भट्ट्यांवर होता, भट्टीच्या तोंडाशी शिफ्ट काढणारा. आपल्यातही काही कमी असेल, हे त्याच्या मनाला शिवतच नव्हतं.

सासूबाई गोंदियाकडच्या, शाळा न पाहिलेल्या. एकदा मोठ्या नणंदेनं त्यांना फोनवर सुचवलं की भावाचं दुसरं लग्न करून टाका. फोन स्पीकरवर होता, मी पोळ्या लाटत होते. सासूबाईंनी फोन ठेवला आणि जेवत असलेल्या लेकासमोर जाऊन बसल्या. तपासून ये म्हणाल्या.

"मले काय झालं? मी तं धडधाकट आहो."

"धान उगवलं नाही, तं वावरालेच दोष देतो काय आपण? पहिले बियाणं पाहतो."

गावी त्या दर पेरणीआधी मूठभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून किती उगवतात ते मोजायच्या. त्यामुळे हे त्यांना मुळीच लाजिरवाणं वाटलं नाही. सुट्टीच्या दिवशी त्याला ऑटोत घालून स्वतः घेऊन गेल्या, मीही सोबत होते. दवाखान्यातल्या बायकांनी भरलेल्या त्या बाकावर दोघं मायलेक शेजारी बसले होते, आणि मी पहिल्यांदाच तिथे मान वर करून बसले होते.

रिपोर्ट चांगला नव्हता. शुक्राणू कमी होते, अंडकोशाची नस फुगलेली होती. सततची उष्णता, तंबाखू-सुपारीचा खर्रा, दोन्हींचा परिणाम होऊ शकतो, पण नेमकं कारण सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आठवडाभरानं नवऱ्यानं खर्रा सोडला, नसेच्या ऑपरेशनची तारीख घेतली.

त्याच सुमारास नंदिनी नगरला धाकट्या दिराकडे जावेचं डोहाळजेवण होतं. ओटी भरायला मी उठले तशी नणंदेनं माझा हात धरून मला मागे सारलं. सासूबाईंनी खण-नारळ उचलून माझ्या हातात दिला.

"हीच भरन ओटी. आमच्या घरी दोघंबी औषध घेऊन राहिले. एकटीचा दोष नाही."

दोघंबी, एवढंच. लेकाची लाज राखली आणि माझा पाच वर्षांचा डागही पुसला. इतकं नेमकं बोलणं मी शिकल्या-सवरलेल्या माणसांकडूनही ऐकलेलं नाही.

मूल झालं नाही. ऑपरेशननंतर रायपूरला दोनदा टेस्ट ट्यूबचा प्रयत्न केला, दोन्ही वाया गेले. तिसऱ्यांदा जाऊ या का, असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की सुया हिच्या अंगात जातात, तेव्हा हिलाच विचार. मी थांबू या म्हटलं. त्यानंतर घरात कोणी पुन्हा विषय काढला नाही. मी रडले तेव्हा त्या जवळ बसून राहिल्या, समजूत घालायला गेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात नवऱ्याच्या शिफ्टमधला एक जण बायकोला तपासायला कुठे न्यावं, असं विचारत घरी आला होता. नवऱ्यानं त्याला चहा दिला आणि सरळ सांगितलं, "मीबी तपासाले गेलतो. तूबी चाल, मी संग येतो."