तीर्थाला आलेली मंडळी

इथे परदेशात, वॉन शहराच्या पुढच्या एका खेड्यात आमच्या मंडळाला सत्यनारायणासाठी जुना हॉल मिळाला. किल्ल्या सांभाळणाऱ्या गोऱ्या आजींनी त्याचा इतिहास सांगितला. पुरुषांनी पबात जाऊ नये म्हणून गावातल्या बायकांनी तो बांधून घेतला आणि आत चहा, वर्तमानपत्रं, वाजवायला पेटी ठेवली. दारूचा थेंब तिथे आजही चालत नाही.

मी ग्रुपवर मेसेज टाकला, "पूजेनंतर तीर्थ आहे, सगळ्यांनी यावे." एरवी आमचे पुरुष पार्किंग शोधता शोधता आरती संपवतात. त्या दिवशी सगळे वेळेवर हजर, शिवाय येताना 'परतीची गाडी तू चालव' असं बायकांना बजावून आलेले! 'तीर्थ' म्हणजे त्यांच्या भाषेत घरच्या बेसमेंटमधल्या बारची बाटली, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आरती झाली. मी प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर तीर्थ घातलं. नवरा हाताकडे बघतच राहिला.

"एवढंच?"

"हवं तर अजून एक पळी घे."

आजी मात्र भारावल्या होत्या. "इतके पुरुष इथे आपणहून आलेले मी आजवर पाहिले नव्हते. कशाच्या ओढीने आले?"

मी म्हटलं, "दारूच्या."