आपल्या नाही, तुमच्या

इस्त्रीवाल्या मावशींच्या हातात जन्मभर आग होती, आणि जिभेवरही. कापडाची सुरकुती आणि माणसाचा खोटेपणा, दोन्ही त्यांना खपत नसत. पण उजव्या खांद्याने दगा दिला, तेव्हा गल्लीत सल्ला देणारे ढीगभर निघाले, इस्त्री उचलणारे कोणी नाही. अशा वेळी दारात येऊन उभी राहिली ती सीमेपलीकडून आलेली एक बाई. तिचे नाव विचारण्याची तसदी कोणी घेतली नाही. गल्लीने तिला ‘पलीकडची’ म्हणून टाकले.

“मावशी, आज कपडे तिच्या हाती देताय, उद्या दुकान देऊन बसाल!” समोरचा शिंपी म्हणाला.

“तुझ्या हाती कापड देतेच की! त्यातलं किती परत येतं?” मावशींनी त्याला गप्प केले, पण मनात किंतु शिरलाच.

पलीकडची आपली भाषा शिकत होती. एकदा ती गिऱ्हाइकाला हसून म्हणाली, “आपल्या गल्लीत धूळ फार.”

मावशींनी तिथल्या तिथे टोकले, “आपल्या नाही गं. तुमच्या म्हणावं.”

बाबांनो, व्याकरण तिचे चोख होते. कोते होते ते मावशींचे मन! पण तिने धडा गिरवला. त्या दिवसापासून तुमची इस्त्री, तुमचे टेबल, तुमचा नळ. काम मात्र असे, की शिंप्याच्या सदऱ्याची कॉलर त्याच्या मानेपेक्षा ताठ राहू लागली. “माझे कपडे तिच्याकडेच द्या हं,” तोच आता बजावू लागला. आणि घरी चहाला बोलवायचे म्हटले, की ती पुन्हा पलीकडची! कामापुरता मामा. हात घरात घेतले, माणूस उंबऱ्याबाहेर ठेवला.

पुढे मावशी तापाने पडल्या. पलीकडची उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत राहिली. “तुमचा ताप उतरला. तुमचं दुकान झाडलं. तुमची गिऱ्हाइकं विचारून गेली.” इस्त्रीने जन्मात दिले नव्हते इतके चटके त्या ‘तुमच्या’ने दिले.

मग ती हळूच म्हणाली, “धुलाईच्या कारखान्यात काम मिळतंय. तुम्ही बऱ्या झालात की जाईन.”

“इथे काय कमी आहे?”

“कमी काही नाही, मावशी. सगळं आहे. तुमचं आहे.”

मावशींनी भिंतीकडे तोंड फिरवले. देवाच्या घरी सारेच भाडेकरू. कोणी आधी आला, कोणी मागून. मग दारावर स्वतःच्या नावाची पाटी कोणी लावावी?

सकाळी पलीकडचीने बोचके बांधले. मावशी भिंत धरत दुकानात आल्या. शिंपीही धावत आला.

“मावशी, तुमची पलीकडची जातेय म्हणे! माझ्या कॉलरचं काय?”

“आपली,” मावशी म्हणाल्या. “ती आपली आहे. कॉलर चुरगळली तरी आपलीच.” मग तिच्याकडे वळल्या. “मी तुला चुकीचं शिकवलं गं. आधी तुझं नाव सांग.”

तिने सांगितले. मावशींची जीभ अडखळली. पुन्हा म्हटले, पुन्हा चुकले. तिने हसून दुरुस्त केले. तिसऱ्यांदा नाव नीट उमटले, तेव्हा तिचे डोळे भरून आले.

“आता तू म्हण. आपलं दुकान.”

ती बोचके तसेच ठेवून, तोंडावर पाणी मारायला मोरीत गेली. बराच वेळ आतून नुसता टप टप आवाज येत राहिला.

मग हाक आली, “मावशी, आपला नळ गळतोय!”

मावशींनी बोचके उचलले आणि त्याची गाठ सोडायला घेतली.