पालथं झोपलेल्या वाचकासाठी पुस्तक

"मॅडम, ह्येनी कुणाचं ऐकत न्हाईत. सकाळपास्नं दोनदा उठून बसलं. तुमीच कायतरी करा."

सोमवारी वाचनालय उघडून मी अजून खुर्चीतही बसले नव्हते. काउंटरपाशी सुभेदारांच्या पत्नी कुसुमकाकू उभ्या होत्या. हातात सुभेदारांचं वाचनालयाचं कार्ड होतं. कार्ड दाखवलं की वाचनालय मदत करतं असा काकूंचा समज असावा, आणि तो बरोबरच होता.

सुभेदार आमचे रोजचे वाचक. सैन्यातून निवृत्त होऊन आष्ट्याबाहेर मळ्यात राहतात. दर तिसऱ्या दिवशी पुस्तक बदलतात. त्यांचा डावा डोळा नोकरीत असतानाच गेला, त्यामुळे सगळं वाचन उजव्या डोळ्यावर. आठवड्यापूर्वी त्याच डोळ्यासमोर काळी सावली आली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतला पडदा सुटलाय. शनिवारी ऑपरेशन झालं, रविवारी घरी सोडलं.

या ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात. बुडबुडा नेहमी वरच्या बाजूला जातो. माणूस पालथा राहिला की डोळ्याची मागची बाजू वर येते, आणि बुडबुडा पडद्याला जागेवर दाबून धरतो. म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढच्या सोमवारपर्यंत पालथं झोपायचं. जेवायला, संडासला उठलं तरी नजर जमिनीकडे. मान वर गेली आणि पडदा पुन्हा सुटला तर पुढची खात्री नाही.

"एक डोळा गेलाच हाय," काकू म्हणाल्या. "ह्यो बी गेला तर मानूस येडं हुईल मॅडम. वाचल्याबिगर त्येस्नी घास उतरत न्हाई."

"टीव्ही लावा ना."

"त्यो बघायसाठीच उठलं की!"

मी कपाळावर हात मारला. मग सुचलं ते ऑडिओबुक. म्हणजे कुणीतरी वाचून ध्वनिमुद्रित केलेलं अख्खं पुस्तक. माझ्या वाचनालयात छापील पुस्तकं भरपूर. ऐकायचं मात्र एकही नव्हतं. सव्वीस वर्षं या खुर्चीत बसून मला त्याची गरज कधी वाटली नव्हती, हेही कबूल करते.

साताऱ्यात माझी मैत्रीण वैशाली ग्रंथपाल आहे. तिला फोन लावला.

"फुकट हवं का विकत?" तिनं विचारलं.

"आज हवं."

"मग आधी फुकट बघ. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली की पुस्तकावर कुणाचा हक्क राहत नाही. अशी जुनी पुस्तकं हौशी लोक वाचून नेटवर ठेवतात. ती बिनधास्त घे. नव्या पुस्तकांचं वाचन व्हिडिओच्या साइटवर फुकट सापडेल, त्याला हात लावू नकोस. बहुतेक चोरीचा माल असतो."

"आणि मोठ्या वाचनालयांत?"

"विचारून बघ. अंधांसाठी ध्वनिमुद्रित पुस्तकं ठेवणाऱ्या संस्थाही आहेत. पण तिथं प्रमाणपत्र लागतं, अर्ज लागतो."

मी सांगलीतल्या एका मोठ्या वाचनालयाला फोन केला. तिथल्या गृहस्थांनी आनंदानं सांगितलं, "आहेत की सीडी! मशीन बिघडलंय तेवढं." अंधांच्या एका संस्थेला लावला. बाई फार चांगल्या बोलल्या. अर्ज पाठवते म्हणाल्या, पण मंजुरीला आठ-दहा दिवस धरा म्हणाल्या. तोवर सुभेदारांचं व्हायचं ते होऊन गेलं असतं.

दुपारी माझा जुना स्मार्टफोन घेऊन मळ्यात गेले. सुभेदारांकडे बटणांचा फोन. ते खाटेवर पालथे पडले होते. कपाळाखाली घडी घातलेली घोंगडी, नाकाखाली खाटेच्या नवारीतली फट. फोन मी खाटेखाली जमिनीवर ठेवला आणि एक जुनी कादंबरी लावली. वाचणाऱ्या बाई हौशी होत्या. मागं पंखा घरघरत होता. मध्येच कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम," सुभेदार जमिनीकडं बघत म्हणाले, "ह्या बाई तोंडी परीक्षेला बसल्यात का?"

"ऐकून तरी बघा साहेब."

"हुकूम हाय म्हणून ऐकतो."

संध्याकाळी काकूंचा फोन आला. दोन प्रकरणं ऐकली आणि उठून बसले. काकूंनी आरडाओरडा केला तेव्हा पुन्हा आडवे झाले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या घरचे म्हणाले, डोळा त्यांचा आणि उपास तुझा. पण त्या माणसाला सव्वीस वर्षं मी पुस्तकं दिली होती. पुस्तकाविना तो कसा राहील हे मला डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

मंगळवारी सकाळी आमच्या कार्यवाहांना गाठलं. बापूसाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, वाचनालयाचा सगळा कारभार त्यांच्या सहीनं चालतो. म्हटलं, पुस्तकं ऐकवणारं एक ॲप आहे, महिन्याची वर्गणी असते, पहिले काही दिवस फुकट. वाचनालयाच्या नावानं खातं उघडू का?

"एका सभासदासाठी?"

"सर, त्यांचा एकच डोळा आहे."

बापूसाहेबांनी खिशातून पेन काढलं. मग म्हणाले, "उघडा. सरकारी तपासणीला दाखवायलाही बरं. गुरुवारी कार्यकारिणीत मंडळींना ऐकवून टाका."

मी खातं उघडलं. बारीक इंग्रजीत भरपूर अटी होत्या. खाली 'मान्य' असं बटण होतं, ते दाबलं. वाचनालयाच्या संगणकावर आणि मळ्यात जाऊन जुन्या फोनवर तेच खातं चालू केलं. खरं तर पुस्तक फोनमध्ये उतरवून घ्यायला हवं होतं, म्हणजे नेटविना चाललं असतं. पण जुन्या फोनमध्ये जागा नव्हती. मळ्यात रेंज बरी होती, म्हणून थेट नेटवरून ऐकायचं ठेवलं.

या वेळी एक रहस्यकथा निवडली. वाचणाऱ्या गृहस्थांचा आवाज खर्जातला, संथ. खून झाला, पोलीस आले, घरातल्या एकेकाची चौकशी सुरू झाली. मी तिथं तासभर बसले. सुभेदारांनी मान सोडाच, बोटही हलवलं नाही. चहा स्ट्रॉनं प्यायले. मध्येच म्हणाले, "धाकट्या भावानं मारलाय. पैज लावा." काकूंनी मला दारापर्यंत सोडलं आणि माझा हात घट्ट धरला.

बुधवार शांततेत गेला.

गुरुवारी अकरा वाजता कार्यकारिणी जमली. सहा सभासद, चहा, बिस्किटं. इतिवृत्त वाचून झालं. बापूसाहेब म्हणाले, "आता मॅडम आपल्याला नवी सोय दाखवतील." मी संगणकाला स्पीकर जोडले, ॲप उघडलं, पुस्तक लावलं. आवाज येईना. पडद्यावर एक चौकट आली, इंग्रजीत दोन ओळी, खाली 'हो' आणि 'नको'.

"काय झालं? नेट गेलं का?" एकानं विचारलं.

सहा जण माझ्याकडं बघत होते. मी घाईनं 'हो' दाबलं. ग्रंथपाल असून दोन ओळी नीट वाचल्या नाहीत. खोलीत खर्जातला आवाज घुमला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बापूसाहेबांनी अभिमानानं माझ्याकडं बघितलं. आणखी ऐकवा, आणखी ऐकवा, असं करत पंधरा-वीस मिनिटं गेली.

माझा फोन वाजला. काकू.

"मॅडम, त्यातला मानूस बोलायचा थांबला. मी म्हशीला वैरण टाकाय गेलते. आत येऊन बघती तर ह्येनी खाटंवर न्हाईत!"

"मग कुठं आहेत?"

"सोप्यात, भायरच्या खोलीत. भुईवर. फोन चार्जरला लावत बसल्यात."

मी संगणकाकडं बघितलं. चौकटीतल्या त्या दोन ओळी आता आठवल्या. दुसऱ्या ठिकाणी हे खातं वापरात आहे, तिथलं थांबवून इथं सुरू करायचं का, असं काहीतरी होतं. आणि मी 'हो' म्हणाले होते. सुभेदारांच्या खाटेखालचा आवाज मीच बंद केला होता, टाळ्या घेण्यासाठी.

मी स्पीकर ओढून काढले आणि पर्स उचलली.

"मॅडम, सभा चालू आहे," बापूसाहेब म्हणाले.

"सर, सुभेदार उठले."

"मग तुम्ही जाऊन काय करणार?"

मी निघाले.

मळ्याच्या रस्त्यावर उसानं भरलेला ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आडवा वळत होता. स्कूटीवर बसून मी त्याच्या मागं हॉर्न वाजवत राहिले. एक डोळा, तोही माझ्यामुळं, एवढंच डोक्यात फिरत होतं. ट्रॅक्टरवाला ओरडला, "आवं बाई, घर जळतंय का?" मी नुसतीच मान हलवली.

पोचले तेव्हा सुभेदार पुन्हा खाटेवर पालथे होते. काकू दाराशी रडत होत्या.

"मान वर केली का साहेब?"

"न्हाई."

"मग सोप्यात कसे गेलात?"

"सरपटत गेलो. फौजेत शिकलोय. नजर भुईवर, कोपरावर कोपर. बॅटरी उतरली आसंल म्हणून चार्जर गाठला."

"खोटं बोलू नगा," काकू उसळल्या. "मी बघितलं तवा बसलावता!"

"बसलोवतो, पन मुंडी खाली हुती."

"ह्या वयात सरपटतंय म्हनं! मॅडम, ह्येंचं काय खरं धरताय. काल बी मला लाडू खाल्ला न्हाई म्हनलं."

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नाही. सत्तरीचा माणूस शहाबादी फरशीवरून सरपटत खोली पार करतो? मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, किती वेळ बसले, मान कुठं होती, हे कळल्याशिवाय काही सांगता येत नाही. उगीच गाडीत घालून हलवू नका. काळी सावली दिसली तर लगेच आणा, नाहीतर सोमवारी बघू.

"नेट गेलं असेल," मी काकूंना म्हणाले. तेवढंच तोंडातून निघालं. त्यानंतर चार दिवस ते वाक्य मला टोचत राहिलं.

वाचनालयात आले आणि संगणकावरचं खातं बंद करून टाकलं. बापूसाहेबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. पण ते चष्मा पुसत म्हणाले, "ऐकवायचा आग्रह माझा होता." तरी बटण दाबलेला हात माझा होता. शुक्रवार, शनिवार, रविवार मी सकाळ-संध्याकाळ काकूंना फोन केला. सावली दिसते का? न्हाई. ऐकतात का? ऐकत्यात. प्रत्येक वेळी खरं सांगायचं ठरवून फोन लावायचे आणि न सांगताच ठेवायचे.

सोमवारी त्यांच्याबरोबर सांगलीला गेले. काकूंना वाटलं, केवढी माया. ती भीती होती.

सुभेदार गाडीतही मान खाली घालून बसले होते. दवाखान्यात नर्सनं रक्तदाब बघायला सदऱ्याची बाही वर केली आणि थांबली. "आजोबा, हे काय झालंय?" कोपराची कातडी रुपयाएवढी सोलवटून निघाली होती. खपली धरली होती. तिनं दुसरी बाही वर केली. तिथंही तेच.

काकू जवळ गेल्या. दोन्ही कोपरं हातात घेऊन बघितली. पदर तोंडाला लावला.

"सांगितलंवतं की," सुभेदार जमिनीकडं बघत म्हणाले.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग दिवा बंद केला. "पडदा बसलाय. छान चिकटलाय. गॅस विरेल तसं हळूहळू दिसायला लागेल."

मला रडू आवरेना. आणि तिथंच, नर्ससमोर, सगळ्यांसमोर, मी सांगून टाकलं. नेट गेलं नव्हतं. एकाच खात्यावर मी दुसरीकडं पुस्तक लावलं, म्हणून तुमचं थांबलं. चूक माझी.

सुभेदारांनी विचारलं,

"म्हंजे एकच पुस्तक तुमी दोघांस्नी इश्यू केलं?"

"हो."

"एक रायफल दोघांच्या नावावर इश्यू केली आसती, तर आमचा हवालदार आत गेला आसता मॅडम."

"खरंय."

"आसू द्या. खून कुनी केला त्येवढं सांगा. गुरुवारी थांबलंय ते पुढं लागलंच न्हाई. हिनं फोनच लपवून ठिवला."

फोन चालू ठेवला तर ते पुन्हा उठतील, या भीतीनं काकूंनी चार दिवस तो पिठाच्या डब्यात ठेवला होता. माझ्या प्रत्येक फोनला 'ऐकत्यात' म्हणून सांगत होत्या. म्हणजे ते चार दिवस सुभेदार काहीही न ऐकता, नुसते पालथे पडून राहिले होते.

आता आमच्याकडं ऑडिओबुकचं वेगळं रजिस्टर आहे. पुस्तक हवेतलं असलं तरी नोंद वहीत होते. एक खातं, एक वाचक, दिल्याची तारीख, परत घेतल्याची तारीख. दुसऱ्याला हवं असेल तर तो थांबतो, छापील पुस्तकासाठी थांबतो तसाच. नव्या मुलांना हे जुनाट वाटतं. जुनी फुकट पुस्तकं फोनमध्ये उतरवून देते, विकतची खात्यातून देते. आणि पडद्यावर चौकट आली की चष्मा लावून शेवटपर्यंत वाचते.

दोन महिन्यांनी सुभेदार स्वतः आले. फोन परत केला. मी रजिस्टर पुढं सरकवलं आणि सवयीनं म्हटलं, "मी वाचून दाखवते, सही करा."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, खिडकीपाशी नेली आणि उजव्या डोळ्याजवळ धरली.

"अनुक्रमांक एक," ते सावकाश वाचू लागले.